रोटरी पीस फेलोशिप

शांतता, संघर्ष सोडवणं आणि विकास या विषयांत पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्यांना रोटरी फाउंडेशन देतं ती ही शिष्यवृत्ती. ट्युशन फी, राहणं-जेवण, जाण्यायेण्याचं भाडं, वर इंटर्नशिपचा खर्च, सगळं त्यातच आलं. रोटरी म्हटलं की आपल्याकडे पोलिओचे डोस नाहीतर रक्तदान शिबिरं आठवतात, त्यामुळे हे लोक शांततेवर मास्टर्स करायला माणसं पाठवतात हे बऱ्याच जणांच्या गावीही नसतं.

पीस सेंटर्स, म्हणजे हे शिक्षण देणारी विद्यापीठांमधली केंद्रं, काढायचं 1999 मध्ये ठरलं आणि पहिली बॅच 2002 ला बसली. डिग्री रोटरीची नसते, ज्या विद्यापीठात सेंटर असतं त्याचीच असते, आणि प्रत्येक ठिकाणचा पिंड वेगळा. इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्डला पीस स्टडीजचा विभाग 1973 पासून आहे, क्वेकर या शांततावादी ख्रिस्ती पंथाच्या मंडळींच्या पुढाकाराने निघालेला, अॅडम कर्ल तिथले पहिले प्राध्यापक, आणि ते स्वतः मध्यस्थीचं काम केलेले होते म्हणून तिकडे प्रत्यक्ष कामावर भर. स्वीडनचं उप्साला म्हणजे आकडेवारीवाले. जगातल्या सशस्त्र संघर्षांचा त्यांचा डेटा सगळीकडे वापरतात, त्यात किमान एक बाजू सरकारची असलेल्या संघटित लढाईत वर्षाला निदान 25 माणसं मेली तर तो संघर्ष नोंदला जातो (ऐकायला निष्ठुर वाटतं, पण कुठेतरी रेघ ओढल्याशिवाय मोजणार कसं). टोकियोचं इंटरनॅशनल ख्रिश्चन युनिव्हर्सिटी आणि ब्रिस्बेनचं क्वीन्सलंड हीसुद्धा जुनी सेंटर्स, आणि अमेरिकेत ड्यूक आणि चॅपल हिलचं नॉर्थ कॅरोलायना ही दोन विद्यापीठं मिळून एक, तिथे विकास धोरणाकडे ओढा जास्त.

आता शांततेच्या कोर्समध्ये विकास कशाला? याचं उत्तर योहान गाल्तुंग या नॉर्वेजियन अभ्यासकाकडे जातं. गोळीबार थांबला की ती झाली नकारात्मक शांतता, पण उपासमार, भेदभाव, दवाखाना नाही म्हणून मरणारी माणसं हीसुद्धा व्यवस्थेने केलेली हिंसाच आहे असं त्यांनी 1969 च्या लेखात मांडलं, आणि ती संपेल तेव्हा सकारात्मक शांतता. गाल्तुंग तरुणपणी गांधींवर काम केलेले, हा धागा आपल्या वाचकांनी लक्षात ठेवायला हरकत नाही. म्हणूनच या बॅचमध्ये वकील, पत्रकार, निर्वासितांच्या छावण्यांत काम केलेले, पाणी किंवा आरोग्याच्या प्रकल्पांवरचे असे सगळे एका बाकावर दिसतात.

मास्टर्स साधारण 15 ते 24 महिन्यांचं, मध्ये दोन-तीन महिने फील्डवर काम. वर्षाला जास्तीत जास्त 50 जागा, आणि स्वतःच्या देशात शिकायचं नाही. कॉलेजातून नुकतंच बाहेर पडलेल्याचं हे काम नाही, पदवीनंतर निदान तीन वर्षांचा संबंधित अनुभव लागतो, इंग्रजी चांगलं लागतं. आणि रोटेरियन काकांच्या ओळखीने काम होईल असं वाटत असेल तर उलटंच आहे, रोटरीचे सभासद, कर्मचारी, त्यांचे नवरा-बायको, मुलं, नातवंडं यांना अर्जच करता येत नाही.

दुसरा प्रकार सर्टिफिकेटचा, एक वर्षाचा, थोडा ऑनलाइन थोडा कॅम्पसवर, आणि तो आधीच नोकरीत मुरलेल्यांसाठी. बँकॉकच्या चुलालाँगकॉर्न विद्यापीठाने आधी तीन महिन्यांचा सर्टिफिकेट कोर्स चालवला, मग या एक वर्षाच्या कोर्ससाठी युगांडातल्या कंपालाचं मकेरेरे आणि इस्तंबूलचं बहचेशेहिर विद्यापीठ आलं. त्यानंतर आशियासाठी निवड झाली ती पुण्याच्या सिंबायोसिसची, म्हणजे महाराष्ट्रातलं पहिलं पीस सेंटर.

अर्ज फेब्रुवारीच्या सुमारास सुरू होतात, 15 मे ही नेहमीची शेवटची तारीख, आणि निवड झाली तरी शिक्षण पुढच्या वर्षी सुरू होतं, त्यामुळे नोकरीचा राजीनामा लगेच टाकू नये.