आहारातून वजनघट व कोलेस्टेरॉलचा चयापचय

आहार आटोक्यात ठेवून महिनोन्‌महिने वजन उतरवले आणि उतरलेले टिकवले, तर शरीरात कोलेस्टेरॉल कमी तयार होते. पण आतड्यातून ते शोषले जाण्याचे प्रमाण वाढते. एका बाजूने बचत, दुसऱ्या बाजूने भर. म्हणून १० किलो उतरूनही रक्ततपासणीच्या अहवालातील एलडीएलचा (‘वाईट’ कोलेस्टेरॉलचा) आकडा पुष्कळदा थोडाच हललेला दिसतो.

निर्मिती व शोषण : प्रौढ शरीर रोज साधारण ८०० ते १,००० मिग्रॅ. कोलेस्टेरॉल स्वतः तयार करते. आहारातून येते ते २०० ते ४०० मिग्रॅ., शाकाहारी घरांत त्याहून कमी. अंगावरच्या प्रत्येक जादा किलो चरबीमागे रोजच्या निर्मितीत सुमारे २० मिग्रॅ.ची भर पडते. १० किलो जादा चरबी म्हणजे रोजचे २०० मिग्रॅ., एका अंड्याच्या बलकात असते त्याहून थोडे जास्तच. ‘आमच्या घरात अंडे येत नाही, मग कोलेस्टेरॉल कुठून वाढले?’ या प्रश्नाच्या उत्तराचा मोठा भाग इथे आहे. जादा चरबीबरोबर रक्तात इन्सुलिनही चढे राहते आणि ते यकृतातील एचएमजी-कोए रिडक्टेज या कोलेस्टेरॉल-निर्मितीच्या विकराला (एन्झाइमला) काम करत ठेवते. कोलेस्टेरॉल उतरवणारी स्टॅटिन गटाची औषधे रोखतात तो हाच विकर. वजन उतरले की इन्सुलिन उतरते आणि निर्मिती मंदावते.

शोषणाचा हिशेब उलटा आहे. यकृत पित्तावाटे रोज सुमारे १ ग्रॅम कोलेस्टेरॉल आतड्यात सोडते. स्थूल व्यक्तीत हा लोंढा मोठा असतो, त्यामुळे आलेल्यातला कमी हिस्सा शोषला जातो. वजनघटीनंतर लोंढा ओसरतो आणि शोषला जाणारा हिस्सा वाढतो. रक्तातील लॅथोस्टेरॉल (निर्मितीची खूण) उतरते, तर कॅम्पेस्टेरॉल व सिटोस्टेरॉल (शोषणाच्या खुणा) चढतात. नेहमीच्या लिपिड प्रोफाइलमध्ये हे घटक मोजले जात नाहीत.

अहवाल केव्हा करावा : वजन उतरत असताना एलडीएल व ट्रायग्लिसराइड (रक्तातील चरबी) यांबरोबर ‘चांगले’ एचडीएलही थोडे घसरते. वजन स्थिरावले की ते वर येते. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या ७० अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणानुसार दर किलो घटीमागे एलडीएल सुमारे ०.८ आणि ट्रायग्लिसराइड सुमारे १.३ मिग्रॅ. प्रति डेसिलिटर उतरते. एचडीएल घट चालू असताना सुमारे ०.२७ ने घसरते, स्थिर वजनावर सुमारे ०.३५ ने वाढते. खूप मोठ्या घटीत आणखी एक गुंता असतो : चरबीच्या पेशींत साठलेले कोलेस्टेरॉल पेशी आक्रसताना रक्तात येते, आणि आधी उतरलेले एलडीएल काही महिन्यांनी तात्पुरते चढते. अशा वेळी आहार फसला असे समजून तो सोडणे ही मोठी चूक. वजन ४ ते ६ आठवडे एका जागी राहिल्यावर केलेला अहवालच तुलनेला घ्यावा.

पित्तखडे : घाईने वजन उतरवण्याचा हा खरा धोका. आठवड्याला दीड किलोहून अधिक घट झाली, की चरबीतून सुटलेले कोलेस्टेरॉल पित्तात साचते. त्यात जेवण तेलाशिवायचे असेल किंवा उपास लांबले, तर पित्ताशय आकुंचन पावत नाही. पित्त तुंबते आणि त्यात खडे धरतात. दिवसातल्या एका जेवणात तरी ७ ते १० ग्रॅम स्निग्ध पदार्थ, म्हणजे दीड ते दोन लहान चमचे तेल, असावेच. आठवड्याला अर्धा किलोची चाल सुरक्षित. उजव्या बरगडीखाली जेवणानंतर कळ येऊ लागली तर सोनोग्राफी करून घ्यावी, पित्त झाले म्हणून अंगावर काढू नये.

नाशिकच्या ताटात : मिसळीतली मोडाची मटकी तंतुमय आणि चांगलीच, भार पडतो तो तर्री, फरसाण आणि पावाचा. तर्री पामतेलाची असेल तर त्या तेलातील जवळजवळ निम्मे स्निग्धाम्ल संपृक्त असते, आणि संपृक्त स्निग्धाम्लांमुळे यकृतातील एलडीएल-ग्राही (रक्तातले एलडीएल ओढून घेणारे रेणू) कमी होतात. मटकी दुप्पट, रस्सा पातळ, फरसाण मूठभर आणि पावाऐवजी भाकरी असा बदल बहुतेकांना निभावतो. सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर या डोंगराळ तालुक्यांतली नाचणी आणि येवला-मालेगावकडची बाजरी त्यासाठी हाताशी आहेच. श्रावणी सोमवारचा उपास साबुदाणा खिचडी व तळलेल्या बटाट्यावर निघाला, तर त्या दिवशी नेहमीपेक्षा जास्त ऊर्जा पोटात जाऊ शकते. द्राक्षांच्या हंगामाचेही भान हवे : १०० ग्रॅम द्राक्षांत सुमारे १५ ग्रॅम साखर असते. रोज अर्धा किलो खाल्ली तर ट्रायग्लिसराइड चढू शकते. वाटीभर खायला हरकत नाही.

शोषण वाढलेले असते म्हणून वजन उतरल्यावर विद्राव्य तंतूंना महत्त्व येते. ते पित्ताम्ले (यकृत कोलेस्टेरॉलपासून बनवते ती पित्तातील आम्ले) बांधून बाहेर नेतात. नवी पित्ताम्ले बनवायला यकृत रक्तातले एलडीएल ओढून घेते. रोज ५ ते १० ग्रॅम विद्राव्य तंतूंनी एलडीएल साधारण ५ टक्के उतरते. डाळी, मटकी, गवार, पेरू यांतून ते मिळतात. इसबगोल घेतल्यास पेलाभर पाण्यातून आणि औषधांपासून अंतर ठेवून घ्यावे.

मर्यादा : एलडीएल १९० मिग्रॅ. प्रति डेसिलिटरच्या वर असेल तर आनुवंशिक दोष किंवा थायरॉइडची कमतरता तपासावी, तिथे केवळ वजनघट पुरत नाही. आकडा सुधारला म्हणून स्टॅटिन स्वतःहून बंद करू नये : १० किलोंच्या घटीने एलडीएल सरासरी ८ मिग्रॅ.ने उतरते, औषधाने ३० ते ५० टक्के. अति उपासमारीत तर एलडीएल उलट वाढू शकते, कारण थायरॉइडचे टी३ संप्रेरक घसरते आणि यकृताचे ग्राही मंदावतात. वजन परत चढले की निर्मितीही वाढते आणि आकडे जुन्या जागेकडे सरकू लागतात.