गोडाला पोटात वेगळा कप्पा असतो का?

गेल्या रविवारी आम्ही घरातले सहा जण काळबादेवीला गुजराती थाळी जेवायला गेलो होतो. आमरसाचा सीझन, त्यामुळे बाहेर तासभर नंबर लावून उभे, आणि आत बसल्यावर मात्र पाच मिनिटांत ताट भरलं. ढोकळा, पात्रा, रिंगणा-बटाटाचं शाक, शेव-टमेटा, गोडसर दाळ, कढी, गरम फुलके, छुंदो, कचुंबर, छास आणि आमरस. वाढपी थांबतच नाहीत, वाटी अर्धी झाली की लगेच भरतात. पाऊण तासाने काकांनी ताटावर दोन्ही हात आडवे धरले, आता एक घासही नको म्हणाले, आणि ते मनापासून म्हणत होते. तेवढ्यात मोहनथाळ आला. काकांनी दोन वड्या घेतल्या. भाची म्हणाली, "मामा, गोडाला पोटात वेगळा कप्पा असतो ना?"

नसतो. चार कप्पे गाईला असतात, आपलं जठर ही एकच पिशवी आहे, साधारण लिटर-दीड लिटरची. ती ताणली गेली की व्हेगस नर्व्हमधून मेंदूला खबर जाते, आतड्यातून काही हार्मोन सुटतात, आणि हे सगळं व्हायला पंधरा-वीस मिनिटं लागतात. एवढं आपण शाळेत थोडंफार शिकलोय. पण यातून काकांचा मोहनथाळ सुटत नाही, कारण खबर पोचलेली होती, पोट खरंच भरलेलं होतं, तरी हात पुढे गेला.

याचं उत्तर आपल्या भाषेत आधीपासून आहे. जास्त गोड खाल्लं की आपण म्हणतो तोंडाला मिठी बसली. पोटाला नाही, तोंडाला. आणि मिठी बसते ती फक्त गोडाची, तेव्हा तिखट भजी समोर आली तर ती छानच लागते. शास्त्रज्ञ याला सेन्सरी-स्पेसिफिक सॅटायटी म्हणतात, म्हणजे एकाच चवीपुरती आलेली तृप्ती. सरळ सांगायचं तर प्रत्येक पदार्थाचं खातं मेंदूत वेगळं असतं, एक खातं भरलं म्हणून दुसरं भरत नाही.

लग्नाच्या पंगतीत जिलबीबरोबर मठ्ठा का असतो? पैजेवर जिलब्या खाणारे लोक मधेच मठ्ठ्याचा घोट घेतात किंवा मिरची चावतात आणि परत जिलबीवर येतात. फ्रेंच संशोधकांनी जवळपास हेच प्रयोगशाळेत केलं. लोकांना फ्रेंच फ्राईज पुरे होईपर्यंत खाऊ दिले, मग केचप दिलं, परत थांबल्यावर मेयोनीज दिलं, आणि प्रत्येक वेळी पुरे म्हणालेले लोक पुन्हा खायला लागले. बटाटा तोच, पोटही तेच.

या विषयातलं गाजलेलं काम १९८१ च्या आसपास ऑक्सफर्डला बार्बरा रोल्स आणि एडमंड रोल्स यांनी केलं. पद्धत इतकी सोपी आहे की मला ती फार आवडते. आठ पदार्थांचा एकेक घास द्यायचा, प्रत्येक पदार्थ किती आवडला त्याचे मार्क द्यायला सांगायचे, मग त्यातला एकच पदार्थ पोटभर खाऊ घालायचा, आणि दोन मिनिटांनी परत मार्क मागायचे. खाल्लेल्या पदार्थाचे मार्क धाडकन उतरतात, बाकीच्यांचे जवळपास तिथेच राहतात. दोन मिनिटांत काही पचत नाही, त्यामुळे हा परिणाम रक्तातल्या साखरेचा वगैरे नाही. एडमंड रोल्स यांनी पुढे हेही दाखवलं की पदार्थ न गिळता पाच मिनिटं नुसता चावला तरी त्याचे मार्क उतरतात, नुसता वास घेत राहिलं तरी उतरतात! आणि चार कोर्सच्या जेवणात चारही वेळा वेगळे पदार्थ दिले तर लोक एकाच पदार्थाच्या जेवणापेक्षा सुमारे ६० टक्के जास्त जेवले. ते फक्त चार पदार्थ होते, आमच्या ताटात अकरा होते आणि मिठाई यायची होती.

आता जरा आत मेंदूत जाऊ. जिभेवरून निघालेला सिग्नल ब्रेनस्टेम आणि थॅलॅमसमधून आधी इन्सुला नावाच्या भागात पोचतो, तिथे चव कोणती आणि किती तीव्र ते ठरतं. तिथून तो पुढे डोळ्यांच्या वर, कपाळाच्या मागे असलेल्या ऑर्बिटोफ्रंटल कॉर्टेक्समध्ये जातो, तिथे चवीला वास, स्पर्श आणि रूप येऊन मिळतं आणि ती चव किती हवीशी आहे ते ठरतं. माकडांना ग्लुकोजचं पाणी पोटभर पाजून या दोन्ही भागांतल्या एकेका न्यूरॉनचं, म्हणजे मेंदूतल्या पेशीचं, रेकॉर्डिंग केलं गेलं. इन्सुलातले न्यूरॉन पोट भरल्यावरही तसेच फायर होत, म्हणजे सिग्नल देत राहिले. ऑर्बिटोफ्रंटलमधल्या न्यूरॉनचा ग्लुकोजला मिळणारा प्रतिसाद मात्र हळूहळू उतरत जवळजवळ शून्यावर आला, आणि त्याच न्यूरॉनला ब्लॅककरंट नावाच्या फळाचा रस दिला की तो परत फायर झाला. म्हणजे तिसऱ्या वाटीचा आमरस पहिल्याइतकाच गोड लागतो, जीभ थकलेली नसते, पण तो गोडवा आता हवासा राहिलेला नसतो. माणसांमध्ये हेच २००० साली एफएमआरआयने, म्हणजे मेंदूचा कुठला भाग काम करतोय ते दाखवणाऱ्या स्कॅनने बघितलं. केळी पोटभर खाल्ल्यावर याच भागात केळ्याच्या वासाला मिळणारा प्रतिसाद कमी झाला, व्हॅनिलाच्या वासाला झाला नाही.

या गोष्टीचा दुसरा भाग आठवणीचा आहे. १९९८ च्या एका अभ्यासात गंभीर स्मृतिभ्रंश झालेल्या दोन रुग्णांना जेवण झाल्यावर दहा ते तीस मिनिटांनी परत जेवण दिलं तर ते परत जेवले, कारण आधी जेवलोय हेच आठवत नव्हतं. म्हणजे पोट भरलं हे ठरवण्यात आठवणीचाही मोठा वाटा आहे. पण अशाच रुग्णांवर २००८ मध्ये दुसरा प्रयोग झाला, तेव्हा नुकत्याच खाल्लेल्या पदार्थाचे मार्क त्यांच्याकडेही उतरलेले दिसले. काय खाल्लं ते आठवत नाही, तरी त्या चवीचा कंटाळा मेंदूने नोंदवलेला आहे. हे वाचलं त्या दिवशी मी दुसरं काही काम करू शकलो नव्हतो.

जाता जाता एक गोष्ट. आमच्या फॅमिली ग्रुपवर एक फॉरवर्ड फिरतोय, की जिभेच्या टोकाला गोड, कडेला आंबट आणि मागे कडू कळतं, आणि पूर्वजांनी ताटातल्या पदार्थांच्या जागा त्या नकाशाप्रमाणे ठरवल्या. तो नकाशाच चुकीचा आहे. १९०१ मध्ये हेनिग नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाला जिभेच्या वेगवेगळ्या भागांत अगदी किरकोळ फरक सापडले होते, १९४२ च्या एका पाठ्यपुस्तकातल्या आलेखाने ते फुगले आणि जगभर पसरले. साखरेच्या पाण्यात कापसाचा बोळा बुडवून जिभेच्या कडेला लावा, गोड लागतं. आपलं ताट चांगलंच आहे, त्याला खोट्या विज्ञानाचा टेकू कशाला हवा?

पण मेंदूत ही सोय असेल कशाला? बहुतेक शास्त्रज्ञांचं मत असं की सर्वभक्षी प्राण्याला एकाच पदार्थातून सगळं पोषण मिळत नाही, म्हणून एका चवीचा कंटाळा येणं फायद्याचं आहे. मात्र अन्नच तेच तेच असेल तर हाच कंटाळा उलटतो. १९८५ मध्ये इथिओपियातल्या एका निर्वासित छावणीत असं दिसलं की सहा महिने तेच तीन पदार्थ खाणाऱ्यांना ते नव्याने आलेल्या लोकांपेक्षा कमी आवडत होते, छावणीत न मिळणारे पदार्थ मात्र दोघांना सारखेच आवडत होते. मदत म्हणून धान्य पाठवताना नुसत्या कॅलरी मोजणं पुरत नाही ते यामुळे, थोडा मसाला, थोडी वेगळी डाळ सोबत गेली तर खाणारा माणूस जास्त खातो.

भाचीला हे सगळं सांगितल्यावर ती म्हणाली करून बघू. मंगळवारी घरी सहा वाट्या मांडल्या - आमरस, दहीभात, कढी, छुंदो, शेंगदाण्याची चटणी, काकडीची कोशिंबीर. तिने एकेक घास घेऊन दहापैकी मार्क लिहिले, आमरसाला दहा. मग पुरे होईपर्यंत नुसता आमरस खाल्ला, साडेतीन वाट्या, आणि मी घड्याळ लावून दोन मिनिटं थांबलो. आमरस चारवर आला. दहीभात सात होता तो सातच, छुंदो नऊचा नऊ. शेंगदाण्याची चटणी आठवरून नऊवर गेली, ती तिने परत एकदा बोटाने चाटली, आणि मग आमरसाची वाटी पुढे ओढली.