व्हेनिसची भिंत खालून वर वाचावी

व्हेनिसमधली जुनी इमारत पाहायची तर घुमट आणि कमानी नंतर. आधी पाण्यालगतची दीड-दोन मीटर भिंत पाहावी. दुखणं तिथेच आहे.

शहर गाळात ठोकलेल्या लाकडी खुंट्यांवर उभं आहे. या पायाचं लाकूड बऱ्यापैकी शाबूत आहे. शहरातल्या मुख्य कालव्यावरच्या रिआल्तो पुलाखाली (बांधकाम 1588-91) दोन्ही काठांना मिळून सुमारे 12,000 खुंटे ठोकलेत. व्हेनिसमधले पुष्कळ खुंटे जेमतेम दोन-तीन मीटरचे, खालच्या घट्ट मातीपर्यंत न पोचणारे. पण दाटीवाटीने ठोकल्यामुळे मऊ गाळ आवळला जातो आणि भार पेलतो. त्या लाकडाचा दगड झालाय, ही मात्र निव्वळ थाप. गाळात प्राणवायू नसल्यामुळे लाकूड कुजवणारी बुरशी जगत नाही. जिवाणू ते पोखरतात, पण अगदी सावकाश.

खुंट्यांवर फळ्या, फळ्यांवर समुद्रापलीकडच्या इस्त्रिया द्वीपकल्पातला पांढरा चुनखडक, त्यावर विटा. या दगडातून पाणी फारसं चढत नाही, म्हणून गवंडी तो भरतीच्या रेषेवर आणून ठेवत. पण रेषाच सरकली. गेल्या सव्वाशे वर्षांत समुद्र वर आला, जमीन खचली, त्यात विसाव्या शतकाच्या मध्यात समोरच्या किनाऱ्यावरच्या मार्गेरा या औद्योगिक भागातल्या कारखान्यांनी भूजल उपसलं आणि ती आणखी खचली. एकूण फरक 30 सेंमीच्या आसपास. अठराव्या शतकातला व्हेनिसचा चित्रकार कानालेत्तो याच्या चित्रांत भिंतींवरचा शेवाळाचा पट्टा, म्हणजे भरती पोचते तिथवरची खूण, इतका नेमका उतरलाय, की संशोधकांनी तो आजच्या पट्ट्याशी ताडून पाहिला. तो 60 सेंमीच्या आसपास वर चढलेला निघाला.

आता भरती दगड ओलांडून विटांना भिडते. वीट खारं पाणी शोषते, पाणी वर चढत जातं आणि हवा लागते तिथे वाळतं. मीठ मागे उरतं, विटेच्या छिद्रांत त्याचे स्फटिक वाढतात आणि वीट आतून फुटते. आपल्याकडे याला लोणा लागणं म्हणतात. पोपडे झाकायला सिमेंटचा गिलावा केला की ओल कोंडते आणि आणखी वर चढते. चुन्याचा गिलावा निदान भिंतीतली ओल बाहेर तरी पडू देतो. पक्का इलाज खर्चिक: थोड्या-थोड्या लांबीत भिंत आडवी कापायची, फटीत ओल अडवणारा थर सरकवायचा आणि मीठ मुरलेल्या विटा बदलायच्या. एकदम लांब पट्टा कापला तर वरचा भार बसून भिंतीला तडे जातात.

मोसे या समुद्राच्या तोंडावरच्या पूररोधक यंत्रणेचे 2020 पासून चालू झालेले 78 दरवाजे मोठे पूर अडवतात. पण मोजणीच्या ठरलेल्या शून्यपातळीपासून साधारण 110 सेंमीच्या भरतीचा अंदाज असला तरच ते उचलले जातात. त्याखालची रोजची भरती विटांना भिजवतच राहते.