कोळसा, पोलाद आणि विजेचे एक बिल

९ मे १९५० रोजी फ्रान्सचे परराष्ट्रमंत्री रॉबेर शूमान यांनी मांडलेला आणि आजच्या युरोपीय संघाचा पाया ठरलेला प्रस्ताव वरकरणी रुक्ष होता: फ्रान्स आणि पश्चिम जर्मनीचा कोळसा व पोलाद एका सामायिक प्राधिकरणाच्या हाती द्यायचा. तोफा याच दोन गोष्टींच्या जोरावर घडतात, हे महायुद्धातून गेलेल्या पिढीला वेगळे सांगावे लागले नाही. पुढच्याच वर्षी इटली, बेल्जियम, नेदरलँड्स आणि लक्झेंबर्ग यांच्यासह सहा देशांनी पॅरिसमध्ये करारावर सह्या केल्या.

या सहा देशांच्या संयुक्त सैन्याचा बेत मात्र १९५४ मध्ये फ्रान्सच्याच संसदेने हाणून पाडला. मग मोर्चा पुन्हा व्यापाराकडे वळला आणि १९५७ मध्ये या सहा देशांची सामायिक बाजारपेठ उभारणारा रोम करार झाला.

सदस्य देशांच्या सार्वभौमत्वाचा, म्हणजे आपले कायदे आपणच ठरवण्याच्या अधिकाराचा, खरा कस लागला तो कोर्टात. इटलीने वीज कंपन्यांचे राष्ट्रीयीकरण केले, तेव्हा अशाच एका कंपनीचे भागधारक असलेले मिलानचे वकील फ्लामिनियो कोस्ता यांनी निषेध म्हणून विजेचे बिल भरायचे नाकारले. रक्कम दोन हजार लिरांच्याही आतली. राष्ट्रीयीकरण रोम कराराच्या विरोधात आहे, असा त्यांचा दावा. आमचा कायदा करारानंतरचा, म्हणून तोच चालणार, असे इटलीचे म्हणणे. १९६४ मध्ये लक्झेंबर्गमधल्या या देशांच्या सामायिक युरोपीय न्यायालयाने निर्वाळा दिला की सदस्य देशांनी काही क्षेत्रांपुरते आपले सार्वभौम अधिकार कायमचे मर्यादित करून घेतले आहेत, तेव्हा नंतरचा देशी कायदा कराराला डावलू शकत नाही. गंमत म्हणजे हे तत्त्व करारात कुठेही लिहिलेले नव्हते. सह्या करणाऱ्यांनी कबूल केले त्यापेक्षा बरेच जास्त न्यायाधीशांनी वाचून काढले, असे माझे मत.

फ्रान्सचे अध्यक्ष द गॉल यांना बहुमताने निर्णय घेण्याची कल्पनाच मंजूर नव्हती. १९६५ मध्ये त्यांनी बैठकांवर बहिष्कार घातला आणि पुढची वीस वर्षे प्रत्येक देशाच्या नकाराधिकाराची सावली राहिली. १९८६ च्या ‘एकल युरोपीय कायदा’ नावाच्या कराराने बहुमताला पुन्हा बळ दिले.

इतरत्र जपून पावले पडली. १९६७ चा आसियान हा आग्नेय आशियाई देशांचा गट सहमती आणि परस्परांच्या कारभारात हस्तक्षेप न करणे यांवरच उभा राहिला. त्याच वर्षी केनिया, युगांडा व टांझानियाने स्थापलेल्या पूर्व आफ्रिकी समुदायाकडे सामायिक रेल्वे आणि विमानसेवाही होती, पण टांझानियाचे अध्यक्ष न्येरेरे यांनी युगांडाचा हुकूमशहा इदी अमीनसोबत बसायलाच नकार दिला. १९७७ मध्ये समुदाय मोडला आणि २००० मध्ये पुन्हा उभा राहिला.

युरोपीय संघातून बाहेर पडायची वाट २००९ मध्ये लागू झालेल्या लिस्बन कराराने लेखी करून दिली. ब्रिटन ती वापरून २०२० मध्ये निघून गेला. पोलंड आतच राहिला, पण २०२१ मध्ये त्याच्या संविधान न्यायाधिकरणाने संघाच्या करारांतील काही तरतुदी पोलिश संविधानाशी विसंगत ठरवल्या.