उकळत्या द्रावणात मोजलेले रेणू

गुऱ्हाळावर काहिलीतला रस उकळायला लागतो तेव्हा त्याचं तापमान शंभर अंशांच्या थोडंसंच वर असतं. गूळ उतरवायची वेळ येते तेव्हा ते ११८च्या आसपास पोचलेलं असतं. पाणी वाफ होऊन जातं, साखर मागे राहते आणि उरलेलं पाणी उकळायला जास्त उष्णता मागतं. गुळव्याला हे थर्मामीटरशिवाय कळतं: पाकाचा थेंब गार पाण्यात टाकला की गोळी वळते का, एवढंच तो बघतो. या वाढीचा हिशेब मात्र एकोणिसाव्या शतकात लागला.

सुरुवात वाफेपासून झाली. द्रवाचा बाष्पदाब, म्हणजे त्याच्या वाफेचा दाब, बाहेरच्या हवेच्या दाबाइतका झाला की तो उकळतो. १८४७ मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ फॉन बाबो यांना दिसलं, की मीठ विरघळलेल्या पाण्याचा बाष्पदाब शुद्ध पाण्यापेक्षा कमी भरतो. मग तो हवेच्या दाबाशी बरोबरी करायला तापमान वाढवावंच लागणार. पण वेगवेगळ्या क्षारांचे आकडे एका सूत्रात बसेनात.

ही कोंडी फोडली फ्रान्समधल्या ग्रेनोबलच्या फ्रान्स्वा-मारी राऊल यांनी. १८८०च्या दशकात त्यांनी क्षार बाजूला ठेवले आणि सेंद्रिय पदार्थ घेतले. माझ्या मते या सगळ्या इतिहासातलं सर्वांत शहाणपणाचं पाऊल हेच. कारण आता नियम स्वच्छ दिसू लागला: पदार्थ कोणता याला महत्त्व नाही, त्याचे रेणू किती याला आहे. एक किलो पाण्यात ६० ग्रॅम युरिया घाला किंवा ३४२ ग्रॅम साखर, उत्कलनबिंदू दोन्हीकडे साधारण ०.५ अंशानेच चढतो, कारण दोन्हींत रेणूंची संख्या सारखी. (पाकासारख्या दाट द्रावणात हा सरळ हिशेब चालत नाही, तो पातळ द्रावणांचा.)

म्हणजे तापमानातली वाढ मोजली की रेणुभार, म्हणजे रेणूचं तुलनात्मक वजन, काढता येतो! लाइपझिगच्या एर्न्स्ट बेकमान यांना तेच हवं होतं. त्यांच्याकडे सारख्याच घटकांची दोन संयुगं होती आणि त्यांचे रेणू सारख्याच वजनाचे आहेत का, हे ठरवायचं होतं. साध्या थर्मामीटरवर इतका लहान फरक वाचताच येत नव्हता. म्हणून त्यांनी जेमतेम पाच-सहा अंशांची, पण अंशाचे शंभर भाग दाखवणारी नळी बनवली. सुरुवातीला ती गोठणबिंदूसाठी (तोही रेणूंच्या संख्येनुसार सरकतो) वापरली आणि लवकरच उत्कलनबिंदूसाठी वेगळं उपकरणही तयार केलं. बेकमान थर्मामीटर हे नाव रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यांना आजही ओळखीचं आहे.

राहिला प्रश्न क्षारांचा. साध्या मिठाचा भार ५८.५, पण या रीतीने मोजला तर तो ३०च्या आसपास येई. मिठामुळे होणारी वाढ जवळजवळ दुप्पट होती. स्वीडिश रसायनशास्त्रज्ञ स्वांटे अऱ्हेनियस यांनी १८८७ मध्ये उत्तर मांडलं: पाण्यात मीठ अखंड राहतच नाही, त्याचे सोडियम आणि क्लोराइड असे दोन आयन, म्हणजे विद्युतभार असलेले कण, होतात. आणि द्रावण मोजतं ते कणांना. तीनच वर्षांपूर्वी याच दिशेने जाणाऱ्या त्यांच्या प्रबंधाला उप्साला विद्यापीठाने जेमतेम उत्तीर्ण होण्यापुरती श्रेणी दिली होती.