फेअरस्काय: विमानवाहू युद्धनौकेची प्रवासी बोट झाली, त्यामागची पार्श्वभूमी

फेअरस्काय म्हटलं की ऑस्ट्रेलियात जाऊन राहिलेल्या ब्रिटिश लोकांच्या एका पिढीला साउथॅम्प्टनचा धक्का आणि दहा पौंडांचं तिकीट आठवतं. नौदलाच्या इतिहासाची आवड असलेल्यांना मात्र एचएमएस अटॅकर आठवते. जहाज एकच. तिच्यावर जे काही वाचायला मिळतं त्यात युद्धाचा भाग पानंच्या पानं असतो आणि प्रवासी काळ दोन ओळीत उरकलेला असतो, हे मला कायम खटकत आलंय. कारण हिशोब मांडला तर नौदलाच्या सेवेत ती जेमतेम सव्वातीन वर्षं होती आणि माणसांची ने-आण तिने १९ वर्षं केली. म्हणून इथे भर त्या १९ वर्षांवर.

सुरुवातीचं थोडक्यात सांगतो. सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या यार्डात १९४१ मध्ये ही बोट बांधायला घेतली ती मालवाहू म्हणून, नाव ठरलं होतं स्टील आर्टिझन. सांगाडा अमेरिकेच्या सी-३ नावाच्या ठराविक नमुन्याचा, लांबी साधारण १५० मीटर, स्टीम टर्बाइन आणि एकच प्रोपेलर. सप्टेंबर १९४१ ला पाण्यात उतरली, मग अमेरिकन नौदलाने ताब्यात घेऊन वर फ्लाइट डेक (विमानं चढ-उतरायचा सपाट मजला) चढवला आणि सप्टेंबर १९४२ ला लेंड-लीज करारात, म्हणजे मित्रदेशांना युद्धसामग्री वापरायला देण्याच्या करारात, ब्रिटिशांना दिली. म्हणजे पुढचं सगळं युद्ध ती ब्रिटिश झेंड्याखाली लढली पण मालकी अमेरिकेचीच, युद्ध संपलं की परत करायच्या बोलीवर. हा मुद्दा लक्षात ठेवा, कारण युद्धानंतर ती खासगी मालकांच्या हातात का गेली ते इथेच कळतं.

युद्धातली तिची ठळक कामगिरी म्हणजे सप्टेंबर १९४३ चं सालेर्नो. इटलीच्या किनाऱ्यावर फौजा उतरत होत्या, जवळची धावपट्टी हातात आलेली नव्हती, म्हणून अटॅकर, बॅटलर, हंटर, स्टॉकर आणि युनिकॉर्न या पाच नौकांवरच्या सीफायर विमानांनी वरून संरक्षण द्यायचं होतं. अंदाज एखाद-दोन दिवसांचा होता, काम साडेतीन दिवस चाललं. वारा पडलेला, त्यात या छोट्या विमानवाहू नौकांचा वेग सतरा-अठरा नॉट, त्यामुळे विमान उतरताना समोरून वाऱ्याचा जो जोर मिळायला हवा तो मिळायचा नाही आणि शत्रूच्या गोळीपेक्षा उतरतानाच्या अपघातातच जास्त सीफायर गेली. पुढे १९४४ मध्ये दक्षिण फ्रान्स, मग एजियन समुद्र, आणि सप्टेंबर १९४५ च्या सुरुवातीला मलायातलं पेनांग परत ताब्यात घेताना अटॅकर हिंदी महासागरात होती. जानेवारी १९४६ ला ती अमेरिकेला परत केली.

त्या काळात अशा शंभराच्या वर एस्कॉर्ट कॅरियर, म्हणजे छोट्या विमानवाहू नौका, अमेरिकेत तयार झाल्या होत्या आणि शांततेत नौदलाला त्यातल्या बऱ्याचशा नको होत्या. खाली मूळचा मालवाहू सांगाडा शाबूत, वर फक्त डेक आणि हँगर, त्यामुळे वरचं उतरवलं की व्यापारी बोट तयार. अशा व्यापारी झालेल्यांपैकी बहुतेक जणी मालवाहूच झाल्या. प्रवासी झालेल्यांत तीन नावं ठळक: लाँग आयलंडचं नाव आधी 'नेली' (Nelly) आणि मग सेव्हन सीज झालं, चार्जरची फेअरसी झाली, आणि अटॅकरची फेअरस्काय. फेअरसीची गोष्ट थोडी वेगळी, कारण ती मुळात दक्षिण अमेरिकेच्या मार्गासाठी प्रवासी बोट म्हणूनच बांधली जात होती, युद्धाने मधेच उचलली. तिच्या त्याच नमुन्याच्या तीन बहीण-जहाजांपैकी अॅव्हेंजर पाणबुडीने बुडवली आणि डॅशर मार्च १९४३ मध्ये स्कॉटलंडच्या किनाऱ्याजवळ स्वतःच्याच पेट्रोलच्या स्फोटाने गेली, ३७९ माणसं मेली.

अटॅकर विकली गेल्यावर आधी परत मालवाहू करायचा बेत होता. तो रेंगाळला आणि १९५० मध्ये एका रशियन निर्वासित जहाजमालकाच्या इटालियन कंपनीने ती घेतली, नाव ठेवलं कास्तेल फोर्ते. मग वर्षानुवर्षं नुसती उभी. ही कंपनी युद्धानंतरच्या युरोपातले निर्वासित जगभर पोचवण्याच्या कामावर मोठी झाली होती, फेअरसी १९४९ पासून त्याच कामात होती. पण निर्वासितांचा ओघ कायमचा नव्हता, आणि भरवशाचं काम हातात असल्याशिवाय रिकाम्या सांगाड्यावर पैसा ओतायला कोण तयार होणार?

ते काम मिळालं १९५५ च्या एका निर्णयाने, आणि माझ्या मते या जहाजाच्या आयुष्यातला सगळ्यात महत्त्वाचा निर्णय तोच, युद्धातला कुठलाही नाही. १९४७ पासून ब्रिटिश नागरिकांना दहा पौंडांत ऑस्ट्रेलियाला नेण्याची योजना चालू होती. मोठ्या माणसाला दहा पौंड, लहान मुलं फुकट, अट एवढीच की दोन वर्षं तरी तिथे राहायचं, आधी परत फिरलात तर भाडं भरून द्या. इतकी वर्षं ही माणसं ब्रिटिश बोटींनीच जायची. १९५५ मध्ये पहिल्यांदा हे काम परदेशी कंपनीच्या बोटीला, म्हणजे फेअरसीला दिलं गेलं. यावर ब्रिटिशांची तक्रार अशी: आपली माणसं, आपल्या सरकारांचा पैसा, आणि बोट मात्र परक्या झेंड्याची, खलाशी इटालियन, तेही ज्या देशाशी दहा-बारा वर्षांपूर्वी लढलो तिथले, ही टोचणी समजण्यासारखी आहे. ब्रिटिश जहाज कंपन्यांच्या बाजूनेही मुद्दा होता, स्वस्त झेंडा लावून, म्हणजे कर आणि नियम सैल असलेल्या देशात बोट नोंदवून, कमी खर्चात धंदा करणाऱ्याशी स्पर्धा कशी करायची.

पण मला ही टीका पोकळ वाटते, कारण पर्याय काय होता ते कुणी सांगत नाही. योजनेतल्या जुन्या ब्रिटिश बोटी बघा. जॉर्जिक १९५६ ला भंगारात, अस्टुरियस आणि ओट्रँटो १९५७ ला, न्यू ऑस्ट्रेलिया त्याच सुमारास ग्रीक कंपनीला विकली. सगळ्या युद्धाआधीच्या, सैन्य वाहून वाहून खिळखिळ्या झालेल्या, दोन-तीन वर्षांत एकापाठोपाठ एक संपल्या. इकडे ऑस्ट्रेलियाला माणसं हवी होती आणि ब्रिटनमध्ये अर्जांना तोटा नव्हता. ब्रिटिश लाइनर कंपन्या नव्या बोटी बांधत होत्या पण त्यांना पूर्ण भाडं देणारे प्रवासीही हवे होते, नुसते दहा पौंडवाले नव्हे. सगळी बोट एकाच वर्गाची करून ती माणसांनी भरून न्यायची तयारी या इटालियन कंपनीची होती. झेंड्याचा प्रश्न भावनेचा होता, बर्थचा प्रश्न खरा होता.

हे काम हातात आल्यावर मग कास्तेल फोर्तेचं नशीब हललं. १९५७-५८ मध्ये जिनोआत तिचं रूपांतर झालं, नाव फेअरस्काय, झेंडा लायबेरियाचा. वर नवे मजले चढले, जेवणाचे हॉल, लाउंज, पोहण्याचा तलाव. युद्धात जिच्यावर साडेसहाशेच्या आसपास नौसैनिक असायचे तिच्यात आता १४६१ प्रवाशांची सोय झाली. इंजिन आणि प्रोपेलर मात्र तेच. जून १९५८ मध्ये ती साउथॅम्प्टनहून पहिल्या फेरीवर निघाली. सालेर्नोला जो मंद वेग विमानांना नडला तोच आता प्रवाशांच्या वाट्याला आला, सुएझ आणि एडनमार्गे फ्रीमँटल, मेलबर्न, सिडनी करत ब्रिस्बेन गाठायचं म्हणजे महिनाभराहून जास्त समुद्रावर. आणि प्रोपेलर एकच, तो बंद पडला की बोट जागेवर.

या तिकिटाची दुसरी बाजू भारतीय वाचकाने विसरू नये. दहा पौंडांची योजना ब्रिटिश नागरिकांसाठी असं म्हटलं जायचं, पण ती गोऱ्या ब्रिटिशांसाठी होती. ऑस्ट्रेलियाचा १९०१ चा कायदा असा की नको असलेल्या माणसाला अधिकारी सांगेल त्या भाषेत ५० शब्दांचं डिक्टेशन लिहायला लावायचं, ती भाषा त्याला येत नसेल अशीच निवडायची आणि नापास करून परत पाठवायचं. ही परीक्षा १९५८ च्या कायद्याने गेली, म्हणजे फेअरस्काय पहिल्या फेरीवर निघाली त्याच वर्षी, पण गोऱ्यांनाच घ्यायचं हे धोरण अधिकृतपणे संपायला १९७३ उजाडलं. अटॅकरची विमानं सालेर्नोवर घिरट्या घालत होती त्याच महिन्यात आठवी भारतीय डिव्हिजन इटलीत टारांटोला उतरली आणि त्यात मराठा पलटण होती. सातारा-रत्नागिरीकडची ही पोरं ब्रिटनसाठी त्या युद्धात लढली, कित्येक तिथेच राहिली. त्यांच्या घरच्यांना या बोटीचं दहा पौंडांचं तिकीट मिळण्याचा प्रश्नच नव्हता. "युद्धनौका शांततेच्या कामी आली" असं कौतुकाने लिहिणाऱ्यांनी हेही लिहायला हवं.

ज्यांना तिकीट मिळालं त्यांच्यासाठी मात्र ही बोट म्हणजे आयुष्याची वाटणी होती, अलीकडचं आणि पलीकडचं. बहुतेक केबिनमध्ये बाथरूम नाही, कॉरिडॉरमधलं सगळ्यांनी मिळून वापरायचं, जेवण इटालियन पद्धतीचं, मँचेस्टर-ग्लासगोच्या बऱ्याच कुटुंबांनी स्पॅगेटी पहिल्यांदा तिथेच खाल्ली. (पुढे जगभर गाजलेल्या पॉप बँडमधले तीन भाऊ १९५८ मध्ये असेच गेले, पण ते फेअरसीवरून.) गेलेल्यांपैकी साधारण चौथा हिस्सा परत फिरला, म्हणजे अशा बोटींना उलट्या दिशेलाही प्रवासी मिळायचे.

मग एकेक गोष्टी उलटत गेल्या. जून १९६७ ला सुएझ बंद, त्यामुळे लांबचा वळसा आणि जास्त तेल. जानेवारी १९६९ मध्ये फेअरसीच्या इंजिन रूमला भर पॅसिफिकमध्ये आग लागली, ओढत पनामाला आणावी लागली आणि शेवटी इटलीत भंगारात. १९७० मध्ये स्थलांतरितांचं कंत्राटच गेलं, ते एका ग्रीक कंपनीला मिळालं, आणि खरं सांगायचं तर तोवर माणसं विमानाने जायला लागली होती. महिनाभराचा प्रवास जेटने दीड-दोन दिवसांवर आणला. १९७२ मध्ये फेअरस्काय बांधून ठेवली, पुढच्या वर्षाअखेरीस परत बाहेर काढली आणि मग ऑस्ट्रेलिया आणि आग्नेय आशियाच्या सहलींवर लावली. त्यात तेलाचे भाव भडकलेले आणि बोट तीस वर्षांच्या पुढची.

जून १९७७ मध्ये जकार्ताहून निघताना बुडालेल्या एका मालवाहू बोटीच्या सांगाड्यावर ती घासली, तळ फाटला, पाणी भरायला लागलं. कॅप्टनने ती उथळ पाण्यात नेऊन रेतीवर चढवली म्हणून सगळे वाचले. तात्पुरती डागडुजी करून सिंगापूरला नेली, पण पूर्ण दुरुस्ती परवडणारी नव्हती, भंगारवाल्याला विकली. तिथूनही ती सुटली, फिलिपिन्समधल्या लोकांनी विकत घेऊन मनिलाला नेली, फिलिपिन टुरिस्ट नावाने तरंगतं हॉटेल आणि कॅसिनो करायला. पणजीत मांडवीवर आज जे चालतं तोच प्रकार, फक्त खूप आधी. नोव्हेंबर १९७९ मध्ये ती आगीत जळून खाक झाली. तिथल्या मार्कोस राजवटीविरुद्धच्या एका गटाने त्या वर्षी मनिलात आगी लावण्याची मोहीम चालवली होती आणि या आगीचं खापरही त्याच गटावर फोडलं जातं. १९८० मध्ये सांगाडा हाँगकाँगला ओढत नेला आणि तोडला.

फेअरस्काय हे नाव त्याच कंपनीने १९८४ मध्ये फ्रान्समध्ये बांधलेल्या नव्या क्रूझ बोटीला दिलं. त्या काळात सगळे डिझेलकडे वळले असताना तिच्यात पुन्हा स्टीम टर्बाइनच बसवलं होतं, आणि तीही पुढे पॅसिफिक स्काय नावाने सिडनीहूनच फिरायची.