नाले साफ केले की मुंबई तुंबत नाही?

दादरच्या हिंदमाता चौकात पाणी भरलं की ठरलेलं वाक्य येतं: 'नालेसफाईच झाली नाही, दुसरं काय!' गाळ दोषी आहेच, पण एकटा नाही.

मुंबईच्या जुन्या पर्जन्यवाहिन्या तासाला 25 मिलिमीटर पावसासाठी आखलेल्या, तेही ओहोटी धरून. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पडला, तेव्हा क्षमता 50 वर नेण्याच्या कामाला वेग आला.

खरी गोम वाहिनी समुद्राला मिळते त्या मुखाशी आहे. अनेक मुखं भरतीच्या पातळीखाली. साडेचार मीटरची भरती आली की बाहेरचं पाणी आतल्यापेक्षा उंच होतं आणि उतारच संपतो. गाळाचा कणही नसलेली वाहिनी तुडुंब भरून थांबते. मुखाला दरवाजा लावला तर समुद्र अडतो, पण पावसाचं पाणीही आतच कोंडतं. म्हणून दरवाज्यामागे पंप लागतात. हाजीअली, लव्हग्रोव्ह, इर्ला इथली उदंचन (पाणी उपसणारी) केंद्रं त्यासाठीच. तिथे कचरा मात्र नडतो: पंपाआधीच्या जाळीत प्लास्टिक गच्च बसलं की पंपापर्यंत पाणीच पोचत नाही.

हिंदमाता तर बशीसारखा सखल भाग. तिथलं पाणी आता भूमिगत टाक्यांत साठवून भरती ओसरल्यावर सोडतात.

आणि कृपा करून मॅनहोलचं झाकण उघडू नका. वाहिनी भरलेली असेल तर पाणी उतरत नाही, उलट वर येतं, आणि गढूळ पाण्यात ते उघडं तोंड कुणालाच दिसत नाही. महापालिकेच्या 1916 या क्रमांकावर कळवा.